सगळे असूनही आनंद का वाटत नाही?

“आयुष्यात कशाची उणीव नाही, तरीही आनंद वाटत नाही, माझे नेमके काय चुकते आहे?” हा प्रश्न साठीच्या आसपासची माणसे मला वारंवार विचारतात आणि तो विचारताना त्यांच्या बोलण्यात दुःखापेक्षा अपराधीपणा अधिक असतो. त्यांच्यासाठी एका गृहस्थांची हकीकत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. घर स्वतःचे, निवृत्तिवेतन पुरेसे, मुलगी तिच्या संसारात सुखी. निवृत्तीनंतर त्यांनी आनंदी राहण्याचा रीतसर कार्यक्रमच आखला होता: पहाटे प्राणायाम, सकाळी फिरणे, दुपारी व्याख्याने ऐकणे आणि रात्री वहीत दिवसभराच्या आनंदाला दहापैकी गुण देणे. पहिल्या भेटीत ती वही माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “मॅडम, सगळे नेमाने करतो, पण आकडा पाचाच्या वर सरकत नाही.”

अशा वेळी आधी नैराश्याचा आजार नाही ना, हे तपासावे लागते, कारण आजारी मनाला ‘दुसऱ्यासाठी काहीतरी करा’ असे सांगणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला व्यायाम करायला लावणे होय. त्यांच्याकडून पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि डॉक्टरांकडून थायरॉइड व बी-१२ची तपासणी करवून घेतली. काळजीचे काही निघाले नाही.

मग मी वही सावकाश वाचली. पानोपानी त्यांचेच मन होते. पत्नीचा उल्लेखसुद्धा ‘हिच्या बोलण्यामुळे आज एक गुण कमी’ एवढ्यापुरताच आलेला होता. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांनी स्वतःवर असे अखंड लक्ष खिळवून ठेवण्याला त्रासाचे एक कारण मानले होते आणि उपचारात ते लक्ष एखाद्या कामाकडे किंवा माणसाकडे वळवण्यावर भर दिला होता. आनंदाचा पाठलाग केला तर तो हाती लागत नाही, काही अर्थपूर्ण करताना तो आपोआप येतो, अशी त्यांची धारणा होती. मानसशास्त्रज्ञ आयरिस माउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही आनंदाला अतिशय महत्त्व देणारी माणसे, विशेषतः परिस्थिती अनुकूल असताना, कमी समाधानी आढळली. या गृहस्थांची परिस्थिती अनुकूलच होती.

मी त्यांना विचारले, “तुम्ही रजेवर असलात की बँकेत कोणाचे काम अडत असे?” बराच विचार करून ते म्हणाले, “ज्यांना स्लिपही भरता येत नसे, त्यांचे.” त्यातूनच वस्तीजवळच्या एका सभागृहात शनिवारी बसण्याचे ठरले. घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन, वृद्ध निवृत्तिवेतनधारक यांची केवायसी, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, वारसनोंद अशी कामे तिथे सुरू झाली.

पुढच्या भेटीत मात्र वही पुन्हा उघडली गेली. “इतक्यांचे अर्ज भरले, तरी गुण सहाच,” असे ते खिन्नपणे म्हणाले. दुसऱ्याचे काम करतानाही डोळा स्वतःच्या मनावरच होता, आणि माझ्या अनुभवात सेवाकार्यातून निराश होऊन परतणाऱ्या अनेकांचे असेच होते. मी वही बंद ठेवायला सांगितले आणि आलेल्या माणसांविषयी बोला, अशी विनंती केली. ते गप्प झाले, कारण त्यांना एकाचेही नाव सांगता येईना.

फरक पडला तो एका विधवा बाईमुळे. दिवंगत नवऱ्याचे खाते बंद करून शिल्लक काढण्यासाठी ती आली होती. पासबुक चाळताना यांना मेअखेरीस वजा झालेले ४३६ रुपये दिसले. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता होता आणि त्यामुळे कुटुंबाला दोन लाख रुपये मिळण्याचा हक्क होता, याची त्या बाईला कल्पनाच नव्हती. नॉमिनी म्हणून नोंदलेली सासूही हयात नव्हती, त्यामुळे वारसाचे कागद उभे करणे आणि शाखेत हेलपाटे घालणे हे सगळे यांनी तिच्याबरोबर केले. या काळात ते चिडले आणि एका रात्री त्यांना झोपही लागली नाही. असे काम केवळ सुख देत नाही. त्याच्यासोबत राग येतो, काळजीही येते, आणि हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पुढच्या भेटीत ते पूर्ण तासभर त्या बाईच्या मुलाचा आयटीआयचा प्रवेश आणि शाखेने काढलेल्या हरकती यांविषयी बोलत राहिले. स्वतःच्या मनःस्थितीबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही आणि मीही विचारले नाही.

दावा यथावकाश मंजूर झाला. त्यांचे काही दिवस आजही उदास जातात, पण त्यांची मोजदाद थांबली आहे.

ही हकीकत वाचून दोन प्रकारच्या वाचकांनी मात्र वेगळा विचार करावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि रोजची कामे बिघडली असतील, तर प्रथम डॉक्टरांना भेटावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. आणि ज्या बाईने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा केली आहे, तिला मी आणखी कोणाची सेवा सुचवत नाही. घरातल्या इतरांना बोलावून कामाची वाटणी करते आणि आठवड्यातली एक दुपार पूर्णपणे तिच्यासाठी मोकळी करून घेते.