वाक्य पुसायचं नाही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवून तू विचारलंस, "टीचर, ह्याला मार्क किती द्यायचे?" मी उत्तर दिलं नाही, चहा ठेवायला उठले. तू खानापूरची बस धरलीस आणि ते वाक्य माझ्या घरातच राहिलं. 'आज्जी मेली त्या दिवशी घरातलं चूल पण गप्प बसली.' सातवीतली मुलगी लिहिते हे. तू 'घरातलं'भोवती लाल गोल काढला होतास, 'मेली' खोडून वर 'वारली' लिहिलं होतंस आणि समासात एक प्रश्नचिन्ह. चूल गप्प कशी बसेल, हे तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, ही तुझी काळजी.

मार्कांचं मागाहून बघू. आधी तिचं खोडलेलं तिला परत दे. मुलाचं वाक्य पुसायचं नाही. वहीतलं नाही, फळ्यावरचं तर नाहीच.

आता 'घरातलं चूल' कुठून आलं ते बघ. ती पोर अंगणात मराठी बोलते आणि गल्लीत कानडी. कानडीत माणसं आणि देव सोडले तर बहुतेक सगळं नपुंसकलिंगी. चूल, भिंत, बस, सगळ्यांना 'अदु', म्हणजे 'ते'. तिथून ते 'घरातलं' आलं. पण जरा पुढं वाच की! शेवटी 'बसली' लिहिलंय, 'बसलं' लिहिलेलं नाही. आज्जीशेजारी ठेवल्यावर चूल तिच्या मनात बाई झाली आणि क्रियापद आपोआप तिच्यामागं गेलं. अर्धं व्याकरण त्या पोरीनं घरून आणलंय आणि तू चुकलेल्या अर्ध्याला गोल करून बसलीस. ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिही. 'बसली'खाली रेघ ओढ. विचार, कोण बसली? मग 'घरातलं' की 'घरातली'? वर्ग ओरडून सांगेल. खडू तिच्याच हातात दे आणि तिचं तिला बदलू दे.

तू म्हणशील, टीचरना सगळं सुचतं. मला काही सुचत नव्हतं गं. आपल्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. महाराष्ट्रातल्या एका अध्यापक विद्यालयात पहिल्याच दिवशी मी उभी राहून 'मी बेळगावहून आलो' म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईही हसल्या. पुढची दोन वर्षं प्रत्येक वाक्य मनात घासूनपुसून मगच बाहेर काढलं, आणि परत आले ती लाल पेन घेऊनच. जे माझं झालं ते माझ्या मुलांचं होऊ नये, कुणी त्यांना हसू नये, एवढीच इच्छा होती. म्हणून त्यांना हसायचं काम मी आधीच उरकून टाकलं. लाल शाईनं.

जंगलाकडच्या एका गावातला मुलगा होता, सातवीतलाच. सुगीच्या दिवसांत हत्ती शेतात उतरले होते. 'माझा अनुभव' म्हणून त्यानं लिहिलं: 'हत्ती रात्री आला. आमचं भात तुडवला. बाबा डबडं वाजवला. मी गोधडीत हत्तीचं पाय ऐकलो.' मी सगळ्या चुका मोजल्या. शेवटचं वाक्य पूर्ण खोडून वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी हत्तीच्या पावलांचा आवाज ऐकला.' बिनचूक वाक्य. त्यात हत्ती राहिला नाही, गोधडी राहिली नाही आणि तो पोरगाही राहिला नाही. पुढच्या वेळी त्यानं गाइडातला 'पावसाळ्यातील एक दिवस' उतरवून आणला. एकही चूक नव्हती. मी त्याला दहापैकी नऊ दिले, वर शाबासकी. त्यानंतर त्यानं माझ्यासाठी स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही. ते नऊ मार्क मला अजून झोपू देत नाहीत.

आणि चूक तरी काय होती त्याची? 'बाबा डबडं वाजवला', 'मी पाय ऐकलो'. कानडीत भूतकाळातही क्रियापद करणाऱ्याच्याच मागं चालतं. मराठीत 'बाबांनी डबडं वाजवलं'. क्रियापद डबड्याच्या मागं गेलं. बरं, मराठी तरी कुठं एका वाटेनं जाते? 'मी चहा प्यालो', 'मी धडा शिकलो', 'मी तुझं नाव विसरलो' हे पुण्यातही बरोबर. मग 'मी निबंध लिहिलो' म्हणणाऱ्या पोरानं डोकं चालवलं नाही असं कसं म्हणायचं? त्यानं नियम लावला, फक्त तो त्या क्रियापदाला लागू नव्हता.

हे मला कळलं त्या वर्षी मी कर्तरी-कर्मणीच्या व्याख्या पाठ करून घेणं सोडलं. फळ्यावर एका पोराचं वाक्य लिहिलं: 'वाघ रेडा मारला.' विचारलं, कोण मेलं? सगळे म्हणाले, रेडा. मग दुसऱ्याला तेच उलटं करून लिहायला सांगितलं: 'रेडा वाघ मारला.' वर्गात भांडण! मग 'नं' आणला. 'वाघानं रेडा मारला.' आता शब्द कसेही फिरवा. 'रेडा मारला वाघानं.' मेला रेडाच. रेड्याच्या जागी म्हैस घाला, 'मारली'. रेडकू घाला, 'मारलं'. मग कानडीत सांगायला लावलं, 'हुली कोणवन्नु कोंदितु'. कानडी मरणाऱ्याला खूण लावते, मराठी मारणाऱ्याला. पोरांचे डोळे बघायला हवे होतेस तू. त्यातलीच एक मुलगी म्हणाली, "मग टीचर, वाघाला शेवटपर्यंत लपवून ठेवता येतंय की." व्याकरणाचा तास कुठं संपला आणि गोष्ट लिहायचा कुठं सुरू झाला, सांग मला. दोन दोन भाषा बोलणारी पोरं समोर बसलीत तुझ्या, आणि तू त्याला अडचण म्हणतेस!

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. तुकोबा जाऊन तेव्हा पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली होती. वाक्यं आधी झाली, मग कुणीतरी बसून त्यांचे नियम शोधले. माझे आजोबा पत्रात 'नाहीं', 'कां' असे अनुस्वार देत. १९६२च्या लेखननियमांनी ते काढले, म्हणून आजोबा अडाणी ठरले नाहीत.

वेळ नाही म्हणतेस. चाळीस वह्या, भाग संपवायचा, वर माहिती भरायची कामं. मान्य. मग रोज एकच वाक्य घे. एकाच पोराचं. नावासकट फळ्यावर. वर्षाकाठी सगळ्यांची पाळी येते. पण निबंध सांगून लिहून घेऊ नकोस. मी तो सोडला तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं होतं. वर्गाचे मार्क घसरले होते, दोन पालकांनी मुलं इंग्रजी माध्यमात नेली. लोक म्हणाले, टीचरच्या हट्टापायी. ती मुलं माझ्यामुळं गेली नाहीत. ती जाणारच होती, त्यांच्या बसचे पैसे आधीच भरले होते. हे मी तेव्हा बोलले नाही, तुला सांगते. आणि मार्क घसरले ते एक वर्षच. घसरले नसते तरी मी हेच केलं असतं, आणि न सावरते तरी हेच.

आणखी एक, हे जरा रागानं लिहितेय. १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपली माणसं मराठीसाठी रस्त्यावर उतरली. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं भरतात, गावंच्या गावं मांडवात बसतात. आणि त्याच गावातलं पोर वहीत आपली मराठी लिहितं तेव्हा आपण ती खोडतो! कानडी मिसळली म्हणून. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द कानडीतून आले म्हणून तुझ्याच व्याकरणाच्या पुस्तकात छापलेत. ते कुणी खोडलेत का? प्रमाण मराठी शिकव, जीव तोडून शिकव. तिला परीक्षेत, अर्जात, नोकरीत ती लागणार आहे, आणि कुणी तिच्यावर हसू नये हे मला आजही वाटतं. पण ती तिच्या वाक्याशेजारी लिही. तिचं वाक्य पुसून त्या जागेवर लिहू नकोस.

तर मार्क. त्या वाक्याला पुरते दे. लिंगाची चूक खाली वेगळ्या ओळीत, पेन्सिलीनं. 'मेली' तसंच राहू दे. घरात आज्जी मेली तेव्हा तिनं जो शब्द ऐकला तोच तिनं लिहिलाय.

आणि ते पान अर्ध्यावर थांबलंय, बघितलंस का? चूल गप्प बसली, मग पुढं कधी पेटली, कुणी पेटवली? आईनं की हिनं? तिला विचारू नकोस, लिहायला सांग. रविवारी येताना वही आण, मला वाचायचीय.

तुझी,
टीचर