लेखी परीक्षेऐवजी मुलांना कोणते प्रकल्प देता येतील?
थर्माकोलचे देखावे आधी बाद करा. ते बहुधा आईबाबाच रात्री जागून करतात. माझी पहिली पसंती सावलीच्या काठीला. मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी रोवायची आणि सकाळी १० ते दुपारी ३, दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवून लांबी मोजायची. सगळ्यात आखूड सावली सहसा घड्याळातल्या १२च्या ठोक्याला पडत नाही. हे लक्षात आलं की ‘असं का?’ मुलंच विचारतात. रेखांश, कोन, आलेख सगळं त्यात तपासून होतं.

भाषेला गोष्टीतल्या खलनायकाची बाजू मांडणारं पत्र, इतिहासाला एकाच लढाईच्या दोन्ही बाजूंच्या बातम्या. गणितात मुलांनाच उत्तरांसकट प्रश्नपत्रिका काढायला लावा; कुणाला किती कळलंय ते लगेच उघडं पडतं.

गुण कशाला किती, ते आधीच सांगा. शेवटी प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी विचारा, ‘हे असंच का केलंस?’ ज्याने स्वतः केलंय तो बोलतच सुटतो. बाकीचे तक्त्याकडे बघतात.