परक्या समाजात रुळताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जर्मनीत राहायचे तर पूर्णपणे तिथले होऊन जावे की मराठी मंडळापुरते आपले जग ठेवावे, असे तू विचारले आहेस. या दोन्हींपलीकडेही वाटा आहेत. आपले सोडून त्यांचे होणे, त्यांच्यापासून अलग राहणे, दोन्ही सांभाळणे आणि दोन्हींपासून तुटणे, अशी मांडणी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी केली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 13 देशांतील स्थलांतरित कुटुंबांतल्या किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात दोन्ही सांभाळणारी मुले मनाने आणि व्यवहारातही सर्वांत सावरलेली आढळली; मात्र ज्यांना भेदभाव अधिक जाणवत होता, त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळलेले होते. म्हणजे रुळणे एकट्या येणाऱ्याच्या हाती नसते, आणि हे तू विसरू नयेस असे मला कळकळीने वाटते.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाकडे पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक गावावरून आडनावे लावत, मराठी बोलत आणि तरीही ज्यू राहिले, कारण इथे त्यांना दोहोंपैकी एक निवडायला कोणी भाग पाडले नाही. पुढे ते इस्रायलला गेले, आणि ज्या धर्मबांधवांत मिसळण्यासाठी त्यांनी गाव सोडले होते, त्यांच्याच मुख्य धर्मपीठाने 1960च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. परक्याच्या नकारापेक्षा हा घाव खोल होता. तो मुकाट्याने न गिळता त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले; 1964 मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केल्यावर निर्देशांतून त्यांचे नाव वगळावे लागले. तिथे हिब्रूत वाढलेल्या पिढ्यांच्या घरीही शुभकार्यात पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे मांडून प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा होतो.

म्हणून जर्मन मन लावून शीक, नुसत्या परीक्षेपुरती नव्हे, तर शेजाऱ्याशी भांडता आणि हसता येईल इतकी. घरी मराठी बोलताना मागासलेपणाची भावना मनात येऊ देऊ नकोस. आणि कामावर कोणी तुझ्या मूळ देशावरून अपमान केला, तर आपणच रुळण्यात कमी पडलो असे मानून रात्री जागू नकोस. प्रसंग तारखेसह लिहून ठेव आणि कंपनीत कामगारांनी निवडलेली समिती असेल तर तिच्यापुढे तो मांड.