आधी बांधावर जा

चि.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. साहेब पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा आकडा, पन्नासच्या वर दाखवायला सांगतात, म्हणजे गावाला दुष्काळ नाही. आणि तू मला विचारतोस, माओला पत्र लिहून चीनच्या पेंग दहुआईने काय मिळवलं? चरित्र मीच दिलं होतं तुला, पण तू ते शेवटाकडून वाचलेलं दिसतंय.

अरे, पत्र सोड, त्याच्या आधीचं बघ. कोरियात अमेरिकेच्या फौजांशी लढलेला सेनापती, मार्शल, संरक्षणमंत्री. बीजिंगमध्ये बसून अहवाल वाचले असते तर कोण विचारणार होतं? पण १९५८ च्या अखेरीस तो हूनानला, स्वतःच्या मुलखात गेला. माओच्या ‘मोठी झेप’ मोहिमेत माणसं पोलादाच्या भट्ट्यांवर जुंपलेली, कापणीला हात नाहीत. त्या वर्षीच्या धान्याचा जाहीर आकडा ३७.५ कोटी टन. प्रत्यक्षात २० कोटींच्या आसपास. तो आधी बांधावर गेला, मग लिहिलं. १४ जुलै १९५९, लुशानला पक्षाची बैठक चालू होती, तिथे त्याने मोहिमेच्या चुका माओला लिहून दिल्या. पत्र खासगी होतं. माओने ते छापून बैठकीत वाटलं. सप्टेंबरात त्याच्या खुर्चीवर लिन बिआओ.

संत नव्हता हं तो. वर्षभरापूर्वीच सु यू या सहकारी सेनानीला टीकेने झोडपण्यात हाच पुढे होता. लुशानला स्वतःच्या चुका कबूलही केल्या त्याने. तरी तो बांधावर गेला होता, हे कोणाला पुसता आलं नाही.

मी गेलो नव्हतो. एका दुष्काळी साली बाजरीचा कापणी प्रयोग, म्हणजे शेतातला तुकडा कापून उतारा मोजायचा तो, मी टेबलावर बसून केला. ५४ पैसे. सही माझी. घरी आजारपण होतं, वरून फोन होता, सगळं खरं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही प्रयोग शेतात उभं राहिल्याशिवाय केला नाही, हेही खरं. पण त्या गावाला दुष्काळ मिळाला नाही.

म्हणून राजीनाम्याची भाषा आत्ता नको, साहेबांशी वादही नको. तुझ्या पत्रात गट नंबर एकही नाही! गेलास का तिथे? आधी बांधावर जा. १० बाय ५ मीटरचा तुकडा आख, समोर कापून घे, पंचांच्या सह्या घे. मग काय लिहायचं ते बोलू.

पद गेल्यावर पेंगला बीजिंगबाहेर एका जुन्या बागेत ठेवलं होतं. तिथे त्याने छोट्या तुकड्यात गहू पेरला, नीट निगा राखली आणि किती येतो ते मोजलं. कोणी मागितलं नव्हतं.

वजनकाटा माझ्याकडे आहे. रविवारी येऊन घेऊन जा.