मधुमेहींचा रक्तदाब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय 56 असून नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 7.1 आहे. गेल्या दोन तपासण्यांत रक्तदाब 148/92 आणि 146/90 आला, म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केले. मला डोकेदुखी किंवा चक्कर असा काहीच त्रास नाही. साधे मीठ सोडून सैंधव सुरू केले आहे. गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेतो. रोजची आणखी एक गोळी खरोखर गरजेची आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : गरजेची आहे, असेच आपल्या आकड्यांवरून दिसते. वाढलेला रक्तदाब बहुधा वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे ‘त्रास नाही’ हा निकष इथे उपयोगाचा नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासात, ज्या मधुमेहींचा रक्तदाब सरासरी 144/82 पर्यंत आणला गेला, त्यांच्यात 154/87 असणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचे प्रमाण 44 टक्क्यांनी कमी आढळले. आज बहुतेक मधुमेहींसाठी 130/80 च्या आत हे उद्दिष्ट धरतात.

हे दोन आजार एकत्र येतात त्यामागे मूत्रपिंडांचा मोठा वाटा आहे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की रक्तातील इन्सुलिन वाढते आणि मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात. पुढे वाढलेली साखर आणि दाब यांमुळे त्यांच्या सूक्ष्म गाळण्यांना इजा झाली, की रक्तदाब आणखी चढतो. म्हणूनच आपल्या पत्रात लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या तपासणीचा उल्लेख नाही, हे मला खटकले. सकाळच्या लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) 30 मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन आले, आणि पुन्हा तपासूनही तसेच आले, तर मूत्रपिंडाला झळ लागली आहे असे समजतात. अशा वेळी टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे दाब उतरवण्याबरोबरच मूत्रपिंडांचेही रक्षण करतात. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम मात्र अवश्य तपासून घ्यावे.

डायक्लोफिनॅकबद्दल डॉक्टरांना सांगितले आहे का? या प्रकारच्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, दाबाच्या गोळीचा परिणाम उणावतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. ‘अधूनमधून’ म्हणजे नेमके किती, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. कदाचित दुसरा उपाय सुचवता येईल.

सैंधवाचा फारसा उपयोग नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. दिवसभराचे एकूण मीठ, म्हणजे पापड, लोणचे, फरसाण आणि शेंगदाण्याच्या चटणीतले धरून, एका सपाट चमच्याच्या (5 ग्रॅम) आत बसवणे हे खरे पथ्य. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. टेल्मिसार्टन घेणाऱ्याने, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असल्यास, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर असणे, मद्यपान, आईवडिलांना रक्तदाब असणे ही रक्तदाब वाढण्याची कारणे बहुतेकांना ठाऊक असतात. मिश्री किंवा तंबाखू आणि झोपेत श्वास अडखळत येणारे जोरदार घोरणे यांची मात्र घरात फारशी दखल घेतली जात नाही.

प्रश्न : 74 वर्षांच्या माझ्या आईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. बसून मोजला तर दाब ठीक येतो, पण पलंगावरून उठताना तिचा तोल जातो. गोळी बंद करावी का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : परस्पर बंद करू नका. दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तवाहिन्यांचे आकुंचन सांभाळणाऱ्या नसा क्षीण होतात आणि उभे राहताच दाब घसरू शकतो. त्यांना पाच मिनिटे आडवे झोपवून दाब मोजा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा; उभे असताना कोणीतरी शेजारी थांबावे. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीचे प्रमाण किंवा वेळ बदलायची का, हे ते ठरवतील. तोवर त्यांनी उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसावे, आणि रात्री लघवीला जाताना दिवा लावूनच उठावे.