आयुष्यभराचे फोटो एसएसडीत भरून कपाटात ठेवले तर चालेल का?

१५ वर्षांचे फोटो-व्हिडिओ, जवळपास ८०० जीबी, एकदाच चांगल्या एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणारी, आत काहीच न फिरणारी डिस्क) टाकून निर्धास्त व्हावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : नको. एसएसडी रोजच्या वापराला उत्तम, पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्यासाठी ती बनलेलीच नाही.

एसएसडी काय, पेनड्राइव्ह काय, दोन्हींत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज मिळाली नाही की हा भार हळूहळू झिरपत जातो. जेडेक या चिप-उद्योगातल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने, लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झाल्यावर, ३० अंश सेल्सिअसला विजेविना १ वर्ष डेटा सांभाळला तरी ती पास. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते, पण उष्णता वाढली की मुदत घटते. नुसतं ठेवूनच द्यायचं तर आत चुंबकीय तबकडी फिरणारी हार्ड डिस्क बरी, आणि त्याच पैशात जागाही जास्त मिळते.

पण एकच हार्ड डिस्क नको, आणि हे मी अनुभवाने सांगतोय. आजीचे फोटो मी सीडीवर राइट करून ठेवले होते, दोन प्रती. काही वर्षांनी उघडले तर थंबनेल (यादीत दिसणारी फोटोंची छोटी चित्रं) सगळे व्यवस्थित, आणि फोटो मोठा केला की आजीचं कपाळ, चष्म्याची वरची कड, आणि खाली नुसता करडा पट्टा. सीडीवर ओरखडासुद्धा नव्हता. दुसरी प्रत काढली, तर तिचीही तीच गत. दोन्ही सीडी एकाच डब्यातल्या होत्या, एकाच दिवशी लिहिलेल्या.

म्हणून ३-२-१ हा नियम मी कसोशीने पाळतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझ्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्क आहेत, त्यातली एक बहिणीकडे असते. तिसरी प्रत क्लाउडवर.

क्लाउडबद्दल मात्र एक गैरसमज फार दिसतो. सिंक (मोबाइल आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोजमध्ये सिंक झालेला फोटो मोबाइलच्या ॲपमधून उडवला की तो क्लाउडवरूनही जातो. उडवल्यावर असा फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा संपतो. शिवाय २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं. तेव्हा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला तरी ठाऊक असू द्या.

दोन्ही डिस्क वर्षातून एकदा जोडून तपासा. जमत असेल तर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढून यादी ठेवा आणि दरवर्षी ताडून पाहा. नाहीतर बिघडलेली फाइलच चांगल्या प्रतीवर चढवली जाते आणि पत्ताही लागत नाही. दर पाच-सहा वर्षांनी, चालू असली तरी, डिस्क बदला.

आणि मोबाइल रिकामा करण्याआधी कॉपी झालेले चार-दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, काही फोटो पूर्ण मोठे करून बघा. थंबनेलवर विसंबू नका.