जुनी होडी बागेत जरूर ठेवा, पण तिच्यात माती भरू नका

आपण विचारले आहे की, आजोबांची सोळा फुटी लाकडी होडी काही वर्षांपासून परसात पडून आहे, तिच्या तळाची एक फळी कुजली आहे आणि ती आता पुन्हा पाण्यात जाणार नाही. तेव्हा तिच्यात माती भरून फुलझाडे लावावीत की पाणी भरून कमळे लावावीत? माझ्या मते दोन्ही नको. होडी बागेत अवश्य ठेवा, तिच्यात झाडेही लावा, पण तिला कुंडी किंवा हौद समजू नका. मालवण तालुक्यात खाडीकाठी आमचे घर आहे आणि पहिली होडी मी अशीच हौसेपोटी स्वतःच्या हातांनी मोडली आहे, म्हणून इतक्या ठामपणे लिहीत आहे.

ती होडी चुलत्यांची होती. मे महिन्याच्या अखेरीस दोन गडी लावून मी तिच्यात लाल माती आणि शेणखत काठोकाठ भरले, वर झेंडू आणि जास्वंद लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत राहिलो. जुलैमध्ये एका सकाळी डाव्या बाजूच्या दोन फळ्या फासळ्यांपासून सुटून बोटभर बाहेर आलेल्या दिसल्या. गणपतीपर्यंत ती बाजू पार उघडली आणि निम्मी माती अंगणात वाहून आली. होड्या बांधणारे एक वयस्कर मेस्त्री वाडीत होते, त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "हिका भायरसून पाण्याचो दाब सोसूक बांधलली, आतसून मातयेचो न्हय."

त्या एका वाक्यात सगळे आले. फळ्या बांधताना बाहेरून फासळ्यांवर ठोकलेल्या असतात; होडी पाण्यात असते तेव्हा पाण्याचा दाब त्या फळ्यांना फासळ्यांवर घट्ट दाबून धरतो, आणि आत माणसे, जाळी, मासळी यांचा भार असला तरी बाहेरचे पाणी तो चहूबाजूंनी तोलून धरते. जमिनीवर आणून आत माती भरली की हा हिशेब उलटतो. आता दाब आतून बाहेर असतो आणि फळी धरून ठेवायला फक्त खिळे उरतात, तेही खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे गंजलेले. सोळा फुटी होडीच्या पोटात साधारण एक घनमीटर माती मावते आणि पावसात भिजलेल्या तेवढ्या मातीचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते. आपली होडी काथ्याने शिवलेली असेल (मालवणापासून गोव्यापर्यंत रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या अशा शिवत असत, काठाशी टाके दिसतील), तर ओल्या मातीत तो काथ्या कुजायला वेळ लागत नाही. आंब्याच्या एका खोडातून कोरलेली होडी असेल तर तिला सांधेच नसल्यामुळे ती उघडणार नाही, पण पाणी निघून जायला वाट नसल्याने आतून कुजेल.

दुसऱ्या होडीच्या वेळी मी शहाणा झालो. ती आठ वर्षे उभी आहे, म्हणून तिची रीत सविस्तर सांगतो.

आधी लाकूड तपासा. हातोडीने हलके ठोकत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत जा; धड लाकूड टणटण वाजते, कुजलेले बद्द वाजते. बद्द वाजेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा आणि तो अर्धा इंच सहज आत गेला तर त्या जागेवर खडूने खूण करा. खुणा तळाशी असतील तर घाबरण्याचे कारण नाही, पण फासळ्यांवर असतील तर होडी उभी राहील की नाही, हे एखाद्या होडीच्या सुताराला दाखवूनच ठरवा. जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कडक मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, आणि होडीच्या बुडाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून लावायचे रंग तर मुळातच विषारी असतात. त्यांची धूळ नाकात जाऊ देऊ नये. सुटलेले पापुद्रे पाणी मारून, तोंडाला मास्क लावून खरवडा आणि गोळा करून बाजूला करा. याच कारणाने होडीत मिरची, अळू, पालेभाजी असे पोटात जाणारे काही लावू नका.

मग ती जमिनीपासून उचला. जुन्या होडीचा कोकणातला खरा शत्रू पाऊस नव्हे, वाळवी आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडी बरोबर फासळीच्या खाली येईल अशी मांडून होडी त्यांवर ठेवावी, म्हणजे तळाखाली सहा इंच मोकळी जागा राहते, वारा खेळतो आणि वाळवीने चिऱ्यावरून मातीची नळी चढवली तर ती डोळ्यांना दिसते. महिन्यातून एकदा वाकून पाहायचे आणि नळी दिसली की खराट्याने झाडून टाकायची, एवढेच काम. पुष्कळांना होडी वाळूत अर्धी रुतलेली दाखवायची हौस असते. छायाचित्रात ते फार देखणे दिसते, पण लाल मातीत ती दोन पावसाळे काढणार नाही. चिरे लपवायचेच असतील तर त्यांच्यापुढे समुद्रगोटे किंवा कालवांचे शिंपले पसरा, लाकडाला टेकू न देता.

आता झाडांविषयी. होडीच्या आत, बसण्याच्या फळ्यांच्या थोडे खाली, पोफळीच्या रिपांची ताटी करून ती फासळ्यांवर टेकवली आणि त्या ताटीवर बारा इंची चौदा ग्रो बॅगा ठेवल्या. माती, कोकोपीट आणि शेणखत समभाग घेतले की एक बॅग भिजूनही वीस-पंचवीस किलोंच्या आसपास राहते. म्हणजे सगळा भार साडेतीनशे किलोंपलीकडे जात नाही, तोही फळ्यांवर न पडता फासळ्यांवर पडतो. बॅगांच्या मधल्या फटी आणि कडा नारळाच्या सोडणांनी झाकल्या की पाहणाऱ्याला होडी काठोकाठ भरलेलीच वाटते. आत प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री मात्र अंथरू नये, कारण कागद आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी अडकते आणि बाहेरून धड दिसणारी फळी आतून भुसभुशीत होते. बाहेरून फायबरचा थर चढवून घेण्याचा सल्लाही कोणी देईल. जुन्या ओल धरलेल्या लाकडावर त्याचाही परिणाम तोच होतो.

खाऱ्या वाऱ्याला टिकणारी झाडे निवडा. काठाजवळच्या बॅगांत मी मर्यादवेल लावली. ती पुळणीवर आपसूक वाढणारी वेल असल्यामुळे तिची निगा जवळजवळ शून्य आहे आणि तिचे जांभळट फुलांचे तणावे काठावरून खाली सुटले की होडी लाटेवर असल्यासारखी भासते. मध्ये सदाफुली आणि चिनी गुलाब आहे, सावलीच्या टोकाला अबोली, आणि पावसाळ्यात तेरडा कोणी न लावता येतो. जास्वंदीसारखे उंच झुडूप नको. त्याने होडीची रेषाच झाकली जाते, आणि मग होडी ठेवायची कशाला?

कमळाची हौस असेल तर होडीत पाणी न भरता एका टोकाला वेगळा टब ठेवा, त्यात कुमुदिनी लावा आणि चार गप्पी मासे सोडा. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांत साचलेले पाणी हा डेंग्यूच्या डासांचा आवडता पाळणा असतो. टबाबाहेर, होडीच्या तळाशी, पाणी साचताच कामा नये.

लाकडाला रंगापेक्षा तेल बरे, कारण तेल लाकडात मुरते आणि ओल कोंडत नाही. आमच्याकडे जुन्या पद्धतीने मोरीचे (लहान शार्क माशाचे) तेल लावत असत, पण बागेतल्या होडीला ते लावू नये असे माझे प्रामाणिक मत आहे. त्या वासाने आठवडाभर घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हते. उंडीचे किंवा जवसाचे तेल वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि वैशाखात, लाकूड कोरडे ठाक असताना फडक्याने चोळावे. गॅरेजमधले काळे तेल फुकट मिळते म्हणून लावू नका, पावसाबरोबर ते मातीत उतरते.

तपासणीत फासळ्याच गेलेल्या निघाल्या, तर होडी उपडी करून चार खांबांवर छप्परासारखी बसवा आणि खाली बागेची अवजारे ठेवा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटावर हेरिंग पकडायच्या जुन्या नावा उपड्या करून अशीच कोठारे केलेली आहेत. पाणी बाहेर ठेवणे हे होडीचे मूळ काम तिथे चालूच राहते.

राहिली ती कुजलेली फळी. ती बदलून घेण्याचा खर्च करू नका आणि उपटूनही काढू नका, कारण शेजारच्या फळ्या तिच्याच आधाराने जागेवर आहेत. तिच्यातला अगदी भुसा झालेला भाग तेवढा कोरून काढा, कडांना तेल पाजा आणि भोक तसेच राहू द्या. होडी बसवताना ते भोक सर्वांत खालच्या पातळीला येईल असा मागच्या चिऱ्यांचा उतार बोटभर कमी-जास्त करून घ्या. पावसाचे पाणी त्यातूनच निघून जाईल.